पाचवं सॉफ्टवेअर

रविवारी दुपारी साडेचारला दादाने चौथं सॉफ्टवेअर नापास केलं.

मी तेव्हा नुकताच घरात शिरलो होतो. मार्च संपत आला होता. कूलर सुरू होता, पण त्यातला वाळा मागच्या उन्हाळ्याचाच होता, त्यामुळे खोलीत नुसता दमट वास फिरत होता. दादा बनियन-पायजम्यात कॉम्प्युटरसमोर बसला होता. त्याने सीडी काढली, फडक्याने पुसली, पाकिटात घातली आणि पाकिटावर लाल पेनने एक आडवी रेघ मारली.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"भंगार."

"मागच्या रविवारी तर चांगलं म्हणत होतास."

"मागच्या रविवारी सुरुवात होती. आज पुढचे धडे लावले तर हे मला कुत्रा टेबलाखाली आहे, मांजर टेबलावर आहे, असं शिकवून राहिलं. तुझ्या-माझ्या घरी कोणतं मांजर टेबलावर बसतं?"

"नवशिक्यांना तसंच शिकवतात, दादा."

"शिकवू दे ना. पण मला नातीशी बोलायचं आहे. मांजराशी नाही."

बारा-तेरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मोबाइलवर भाषा शिकण्याची सोय तेव्हा नुकती येत होती आणि दादाचा मोबाइलवर विश्वास नव्हता. सॉफ्टवेअर शोधायचं काम माझ्याकडे होतं. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. इंग्रजी येतं, इंटरनेटवर शोधाशोध करता येते, आणि रविवारची पाळी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, त्यामुळे दुपार मोकळी असते. एवढ्या भांडवलावर मी घरातला थाई भाषेचा सल्लागार झालो होतो.

पहिलं सॉफ्टवेअर पर्यटकांसाठी होतं. ते बिअरची किंमत विचारायला शिकवायचं. दादा आयुष्यात प्यायलेला नाही. दुसऱ्यात थाई अक्षरं नव्हतीच, सगळं इंग्रजी लिपीत. "म्हणजे आधी इंग्रजी शिकू, मग थाई शिकू, तोवर प्लॉयचं लग्न होईल," असं म्हणून त्याने तेही बाद केलं. तिसऱ्यातला आवाज यंत्राचा होता. थाईमध्ये एकच अक्षर पाच सुरांत म्हणता येतं आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. यंत्र सगळे सूर सारखेच लावतं, असं दादाचं म्हणणं. मला फरक कळत नव्हता. त्याला कळत होता. मी तेव्हा त्यावर विचार केला नाही.

प्लॉय म्हणजे त्याची नात, तेव्हा वय सात. दादाचा एकुलता मुलगा प्रशिक रयाँगला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. तिथल्याच ऑफिसातल्या सुदाशी त्याने लग्न केलं. या गोष्टीच्या तीन वर्षं आधी पावसात मोटरसायकल घसरून तो गेला. दादा एकटाच गेला होता तिकडे. वहिनींचा पासपोर्ट नव्हता, माझा वेळेत नूतनीकरण होऊन आला नाही. परत आल्यावर तो फार बोलला नाही. विहारात गर्दी खूप होती, भन्ते पुष्कळ होते, सगळे त्याच्याशी आदराने बोलत होते आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं, एवढंच.

"सुदा माझ्यासमोर हात जोडून बसली, काहीतरी म्हणत होती," तो म्हणाला होता. "मी होय, होय म्हणत राहिलो. कशाला होय म्हटलं, देव जाणे." मग स्वतःच थांबून म्हणाला, "देव तरी कुठला जाणतो."

त्यानंतर काही महिन्यांनी त्याने कॉम्प्युटर घेतला.

*

पाच वाजता वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि दादाच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. दादाने शर्ट घातला, केस विंचरले. मी मागे उभा राहिलो. पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग प्लॉयचं कपाळ, मग सगळी प्लॉय. तिचा समोरचा दात पडला होता. ती जागा तिने कॅमेऱ्याला चिकटून दाखवली.

"पडला का गं माय," वहिनी म्हणाल्या. "दुखला का?"

प्लॉय त्यावर थाईत बरंच काही बोलली. वहिनी मान डोलावत राहिल्या. दोघींचं हे असं चालायचं. वहिनी मराठीत, ती थाईत, दोघी खूश.

दादाचं तसं नव्हतं. तो तिच्याशी एकच गोष्ट बोलायचा. हात जोडून "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणायचा आणि पडद्यातली पोरगी ताठ बसून हात जोडून तेच म्हणायची, पण तिकडच्या उच्चारात, "फुत्थांग सरनांग खच्छामि." तिन्ही सरणं दोघं मिळून म्हणायचे, पाचही शीलं म्हणायचे. नागपूरच्या वैशालीनगरातला म्हातारा आणि रयाँगची पोरगी, पाली दोघांनाही पाठ. सुरुवातीला दादाला याचं फार कौतुक वाटलं होतं. पाली सारखीच आहे म्हणजे थाईही आपल्याला झटकन येणार, अशी त्याची समजूत झाली होती. वंदना संपली की दोघं एकमेकांकडे बघत बसायचे आणि पुढे काही नाही.

त्या दिवशी वंदना झाल्यावर सुदाने प्लॉयला बाहेर पाठवलं आणि खुर्ची ओढून समोर बसली. तिने दादाला 'फो' म्हणून हात जोडले, वहिनींना 'मे' म्हणून हात जोडले. तिकडे वडिलांना आणि आईला असंच म्हणतात. मग मला म्हणाली, "आ, मला थोडं बोलायचं आहे." बापाच्या धाकट्या भावाला 'आ' म्हणतात. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची, सावकाश, एकेक शब्द ठेवत.

तिच्या मागून एक माणूस वाळलेले कपडे हातावर घेऊन गेला. कॅमेरा दिसताच वाकला आणि वाकूनच बाजूला झाला.

"कोण होता तो?" वहिनींनी हळूच विचारलं.

दादा कळफलकावरची धूळ बोटाने पुसत होता.

सुदा मला सांगत होती. त्या माणसाचं नाव अनन. शाळेत शिक्षक आहे. प्लॉयला जीव लावतो. त्याने लग्नाचं विचारलं आहे. लग्न झालं तर घरात एकच आडनाव असावं असं त्याच्या आईला वाटतं. मे महिन्यात प्लॉय मोठ्या शाळेत जाणार, तेव्हा जे नाव लागेल तेच पुढे राहील. गजभिये हे नाव काढून त्याचं लावायचं का, हे फोने सांगावं. फो हो म्हणाले तर ती करेल. नको म्हणाले तर नाव राहील, आणि मग लग्नही नाही. तिने हे सगळं न रडता सांगितलं. तयारी करून बसली होती, असं दिसत होतं.

तिला कुणाला विचारण्याची गरज नव्हती, असं मला वाटलं. तसं मी तिला म्हटलंही. तिने मान हलवली. "प्रशिक असता तर त्याला विचारलं असतं. तो नाही, म्हणून फोला."

मी दादाकडे वळलो. "दादा, सुदा म्हणते आहे की..."

"थांब."

"महत्त्वाचं आहे."

"दिसून राहिलं मला महत्त्वाचं आहे ते. तू सांगू नको."

"अरे, तिला मेच्या आत..."

"तारीख सांगितलीस ना, म्हणजे अर्धं सांगितलंस. बाकीचं राहू दे." तो पडद्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "मी शिकून राहिलो. माझं झालं की तिच्या तोंडून ऐकतो. मधे तुझं इंग्रजी नको."

"आणि तोवर?"

"तोवर पाचवं बघ. मी नाव लिहून ठेवलं आहे."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पडद्यातल्या सुदाकडे बघून हसत होत्या, पाहुणे निघताना हसतात तसं. मी सुदाला सांगितलं, पुढच्या रविवारी बोलू.

*

दादा पाय धुवायला गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनींनी चहा टाकला होता.

"वहिनी, ती दुसरं लग्न करते आहे."

"हो ना. कपडे वाळत घालणारा माणूस पाहुणा नसतो." त्यांनी आलं ठेचलं. "वाईट नाही दिसत. वाकून गेला."

"पोरीचं आडनाव बदलायचं का, विचारते आहे. दादाने सांगावं म्हणते."

चहाला उकळी आली, त्यांनी गॅस बारीक केला.

"भाऊजी, यांच्या फॅक्टरीतलं तुम्हाला माहीत आहे का? हे तपासणी विभागात होते ना. माल टेबलावर आला की त्याला पिवळी चिठ्ठी लागायची. तपासणी सुरू आहे म्हणून. ती चिठ्ठी असली की त्या मालाला कोणी हात लावत नाही. पास पण नाही, नापास पण नाही. मोठे साहेब आले तरी नाही. एकदा एक पेटी यांनी दोन महिने टेबलावर ठेवली होती. पास केली तर धोका, नापास केली तर ज्याने बनवली त्या कारागिराची नोकरी जात होती. हे रोज ती उघडायचे, मोजायचे, बंद करायचे."

"मग काय झालं त्या पेटीचं?"

"ते मला नाही सांगितलं." त्यांनी चहा गाळला. "हे घ्या. साखर कमी आहे."

"वहिनी, मी सांगून टाकतो त्याला. आज वाईट वाटेल, उद्या सवय होईल. तिकडे ती ताटकळत बसणार."

मला वाटलं होतं त्या हो म्हणतील. इतकी वर्षं घरातल्या न सुटणाऱ्या गाठी त्यांनीच सोडवल्या होत्या.

"पाचवं आणून द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या. "आणि सहावं पण पाहून ठेवा."

मी चहा पिऊन ऑफिसला गेलो. त्या रात्री पहिल्या पानावर काय होतं ते मला आठवत नाही.

*

पुढच्या रविवारी दादाने पडद्यासमोर बसायच्या आधीच मला बजावलं, "तिला सांग, फो शिकतो आहे. शिकून झालं की तिच्याकडून ऐकेल. एवढंच सांग. जास्त नाही, कमी नाही."

मी तेवढंच सांगितलं. बातमी पुढे पोचवणं हे माझं काम, मजकूर माझा नव्हता.

सुदाने ते ऐकलं आणि खुर्चीवरून उठली. पडद्यातून नाहीशी झाली. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. ती म्हणाली, इतक्या वयाचा माणूस केवळ सुनेचं ऐकता यावं म्हणून तिची भाषा शिकतो, असं तिने कधी पाहिलं नाही. ती थांबेल. अननलाही सांगेल. अनन शिक्षक आहे, त्याला समजेल. मग तिने दादाला जमिनीवर बसून, कपाळ टेकवून नमस्कार केला. पडद्यात आम्हाला फक्त तिची पाठ दिसली.

"काय म्हणते?" दादाने विचारलं.

"थांबते म्हणते."

"हं," दादा म्हणाला आणि चष्मा काढून पुसत बसला.

दोन रविवारांनी तिने सुचवलं की सॉफ्टवेअर कशाला, ती स्वतःच शिकवेल, दर वेळी थोडंथोडं. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "घरच्या माणसाकडून शिकलं की चुका तशाच राहतात. पद्धतशीर पाहिजे." पाचव्याचं पाकीट तेव्हा टेबलावर होतं. हे सगळ्यात महाग आणि खरोखर चांगलं होतं. माणसांचे आवाज, अक्षरं, सूर, सगळं नीट. मी स्वतः दोन धडे करून पाहिले होते. त्याने त्यात खोट काढली की बायकांचे आवाज जास्त आहेत, पुरुषाने बोलायचं कसं ते कमी आहे.

"तू एवढे महिने शिकतो आहेस," मी म्हणालो, "आलं तरी काय तुला?"

"नवशिका आहे मी."

"नवशिक्याला काहीतरी येतं."

"वर्तमानपत्रात बसून घाई करायची सवय लागली तुम्हाला," तो म्हणाला. "रोज रात्री पान सोडायचं म्हणजे सोडायचं. खरं असो, अर्धं असो. आमच्याकडे तसं नव्हतं."

मे आला. प्लॉय मोठ्या शाळेत गेली. नाव गजभियेच लागलं, कारण वेगळं काही लावायला कुणी सांगितलं नव्हतं. सुदाने नवा गणवेश घातलेली पोरगी दाखवली. खिशावर थाईत काहीतरी भरतकाम केलेलं होतं. दादाने ते वाकून पाहिलं, बराच वेळ, आणि सरळ बसला.

*

जून उतरला तरी उकाडा हटला नव्हता. मी त्या आठवड्यात सलग पाळ्या केल्या होत्या आणि दादाकडे बसल्या बसल्या डोळा लागत होता. प्लॉय शाळेतलं काहीतरी सांगत होती, आईकडे तोंड करून, भराभर, हातवारे करत. वहिनी नेहमीप्रमाणे मान डोलावत होत्या. आणि दादा हसला.

तो हसला ते प्लॉय किंवा सुदा हसायच्या आधी. मोठ्याने नाही, नाकातून. लगेच त्याने खोकल्यासारखं केलं आणि पाण्याचा तांब्या उचलला.

सुदा आईच्या कौतुकाने हसायला लागली होती, ती मधेच थांबली. तिने पडद्यातून सरळ दादाकडे पाहिलं. दादा पाणी पीत होता. तांब्यात एवढं पाणी नसावं.

मी तिला इंग्रजीत विचारलं, प्लॉय काय म्हणाली.

"तिचे गुरुजी वर्गात झोपले," सुदा सावकाश म्हणाली. तिची नजर अजून दादावरच होती. "मुलं चपला हातात घेऊन गुपचूप बाहेर गेली. गुरुजी जागे झाले आणि रिकाम्या वर्गाला शाबासकी दिली, इतके शांत बसले म्हणून."

तिने पुढे काही विचारलं नाही. दादाला हात जोडले, वहिनींना जोडले, प्लॉयला टाटा करायला लावलं. पडदा काळा झाला.

मी निघालो तेव्हा दादा फाटकापर्यंत आला. तो कधी येत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"समजतं आहे तुला."

त्याने फाटकाची कडी लावली, काढली, परत लावली. समोरच्या घरातला माणूस गच्चीवर पाणी मारत होता, त्याच्याकडे बघत राहिला.

"तिकडे विहारात ती मला एकच म्हणत होती. खो थोट, खो थोट. पुनःपुन्हा. ते कानात राहिलं होतं, अर्थ माहीत नव्हता. पहिल्या सॉफ्टवेअरच्या पहिल्याच धड्यात आलं. धक्का लागला कोणाला तर काय म्हणायचं, त्यात." तो थांबला. "माफ करा."

मी हातातली स्कूटरची किल्ली परत खिशात टाकली.

"पोरगी माफी मागत होती आणि मी होय, होय करत होतो. म्हणजे चूक तिची आहे, हे मी सगळ्यांसमोर कबूल करून आलो. कशाची माफी मागत होती, ते तर माहीतच नाही. त्याला पावसात कशाला जाऊ दिलं म्हणून असेल. कशाचीही असेल."

"मग आता नीट उत्तर दे तिला. ती काय विचारते आहे, ते तर तुला कळलंय."

"तुला इंग्रजीत सांगितलं ना, त्याच्या आधी तिने मला थाईत विचारलं होतं. प्लॉयला बाहेर पाठवलं त्याच्याही आधी. दोन रविवार आधी. तुला वाटलं असेल नमस्कार करते आहे." तो दमलेल्या माणसासारखा फाटकाला टेकला. "नीट उत्तर एकच आहे यशवंता. मला पाठ आहे. सुरासकट येतं मला ते. पहाटे उठून म्हणतो. तोंडातून निघत नाही तिच्यासमोर. निघालं की प्रशिकचं काही राहत नाही तिकडे."

"आणि निघालं नाही तर?"

"म्हणून तर शिकून राहिलो ना अजून," तो म्हणाला.

माझी पाळी साडेसहाची होती. मी स्कूटर काढली. तो मागून म्हणाला, "सहावं बघून ठेवलं का?"

*

त्यानंतर सुदाने तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही. अनन पडद्यात दिसत राहिला, कधी कपडे घेऊन, कधी प्लॉयचा अभ्यास घेताना. आता तो वाकत नाही, आधी नमस्कार करून मग जातो. त्याचे केस पिकले आहेत. त्यांनी लग्न केलं नाही. प्लॉय यंदा कॉलेजात गेली. तिच्या ओळखपत्रावर गजभिये आहे. तिथल्या मुलींना ते नीट म्हणता येत नाही, असं ती सांगते, इंग्रजीत, कारण आता तिला ते चांगलं येतं. दादा ऐंशीच्या घरात आहे. वहिनींचे गुडघे गेले, पण पाच वाजता त्या स्टुलावर येऊन बसतात.

मागच्या सोमवारी सुदाचा मला फोन आला. नोव्हेंबरमध्ये ती नागपूरला येणार आहे, पहिल्यांदाच. तिकिटं काढून झाली आहेत, तीन. मी संध्याकाळी जाऊन दादाला सांगितलं. त्याने वहिनींना वरची खोली झाडून घ्यायला सांगितली आणि गाद्या उन्हात टाकायला सांगितलं. किती गाद्या, असं वहिनींनी विचारलं. दादाने अजून आकडा सांगितलेला नाही.